कमी ऐकू येणाऱ्याची पाखरं

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात एकतीस वर्षं
कॉम्प्रेसरच्या शेजारी उभा होतो मी.
बारीक आवाज तिथेच वितळले:
चमच्याची किणकिण, सायकलची घंटी,
कुंदाच्या बोलण्यातले स, श आणि च.
डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेले,
खालचे आहेत अजून थोडे, सांभाळा.

कर्ल्यातलं घर. मागे खाडी.
पडवीत प्लास्टिकची खुर्ची,
एका पायाखाली फरशीचा तुकडा.
समोर जास्वंदीवर शिंजीर येतो,
चोच उघडतो, गळा थरथरवतो,
शेपटीनं प्रत्येक शब्दाला टेकू देतो,
आणि माझ्यापर्यंत काही पोचत नाही.
आवाज बंद केलेल्या टीव्हीवर
कुणी तावातावानं भांडावं तसं.

शेजारची तहुरा सातवीत आहे.
दप्तर टाकते ती थेट आमच्या पडवीत,
आणि माझ्या तळहातावर बोटानं पाखरं वाजवते.
शिंजीर म्हणजे नखाचं टोक, भराभर, गुदगुल्या होतील असं.
टिटवीचे चार ठोके, शेवटचा चिडका.
दयाळ तिला जमत नाही.
"तो रोज वेगळंच बोलतो, काका,
तुम्ही बघाच नुसते."

चैत्रात दोन दिवस मला वाटलं
सोलकरांचा पंप बिघडलाय.
टुक टुक टुक टुक, दम न खाता.
तिसऱ्या दिवशी पाना घेऊन विहिरीवर गेलो.
पंप बंद. वीजच नव्हती सकाळपासून.
वर उंबराच्या सुक्या फांदीवर
मुठीएवढा तांबट, कपाळाला कुंकू फासलेला,
प्रत्येक ठोक्याला मान खाली घालत होता.
म्हणजे हे मला ऐकू येत होतं. मला.
सोलकरांनी चहा पाठवला,
पाना कशाला आणलात विचारलं नाही.

भारद्वाज तर बरगड्यांनाच कळतो,
रिकाम्या पिंपावर थाप पडावी तसा.
कुंदा म्हणते, दिसला की शुभ असतं.
मी म्हणतो, दिसण्याचं काय, दिसतात सगळेच.

बाकी रोजचं. खुंटावर खंड्या.
ओहोटीच्या चिखलात तुतवार,
हिशेब चुकल्यासारखा मागे-पुढे.
हां, मार्गशीर्षात समुद्रगरुडानं
आमच्या पत्र्यावर अर्धा समुद्रसाप टाकला.
तो मी ऐकला.
कुंदानं सगळ्या वाडीला ऐकवला.

आणि आषाढातल्या एका उघडिपीला
काचेवर काही तरी आपटलं.
मला पत्ता नाही. तहुरा धावली.
पायरीवर तिबोटी खंड्या,
जांभळा, नारिंगी, निळा,
आणि लालभडक चोच, दुसऱ्या कुणाची उसनी आणावी एवढी मोठी.
उचलला. वजन एखाद्या वॉशरचं.
गरम.
आत काही तरी चालू होतं.

बेअरिंग, पट्टा, झडप,
हात ठेवला की मला कळायचं कुठे दुखतंय ते.
पण एवढ्या गतीचं इंजिन कधी हाती आलं नव्हतं.
ठोके सुटे होईनात, सगळी मिळून एकच थरथर,
आणि तिच्यात कुठेही खडखड नाही.
"चालू आहे," मी म्हटलं. "ठीक आहे."
तहुरा श्वास धरून बसली होती.
मीही, बहुतेक.

त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा.
मग ओंजळ एकदम हलकी,
आणि केळीच्या पानापलीकडे एक निळी चूक.

"शिट्टी मारत गेला! ऐकलीत?"
मी मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी.
तिनं माझा हात ओढला
आणि नखानं तळव्यावरून थेट मनगटापर्यंत
एकच बारीक रेघ काढली.

कुंदा मागून जेवायला हाका मारत होती म्हणे,
बराच वेळ.