दिसत नाही

बाळाला अजून नाव नाही.
फाइलवर आहे : बेबी ऑफ मोर्जिना,
मुलगी, वय दोन दिवस, वजन दोन किलो सातशे.
बाप रास अल खैमाच्या टाइल कारखान्यात भट्टीवर,
हे फाइलवर नाही, हे शीजाला काउंटरवर कळलं.

सोनोग्राफीच्या अहवालात माझ्या कामाची ओळ एकच :
डावं मूत्रपिंड दिसत नाही.

क्यू साठ पॉइंट झीरो, एका बाजूचं नाही.
बोटांना पाठ आहे, डोळ्यांना विचारावं लागत नाही.
शीजा म्हणते, टाक आणि पुढे चल,
एक्केचाळीस फायली पडल्यात.

पण दिसत नाही म्हणजे नाही का?

अकरा वर्षं मी याच पानांवर राहते,
क्यू साठ ते क्यू चौसष्ट.
इथे दोन मूत्रपिंडं खालच्या टोकाला जुळून
घोड्याची नाल झालेली.
इथे एकाच मूत्रपिंडाला दोन वाहिन्या,
जिथे एकीनं भागलं असतं.
इथे वाट इतकी चिंचोळी की पाणी मागे तुंबतं
आणि पिंड फुगत जातं, आईच्या पोटातच.
आणि साठ पॉइंट वन. दोन्ही नाहीत.
पिंड हा शब्द आपल्याकडे केवढा लांब चालतो,
गर्भापासून थेट दहाव्यापर्यंत.
या बाळांना तेवढी चाल नसते.
तो कोड टाकला की मी कूलरपाशी जाऊन येते.
तहान नसतानाही.

डॉक्टर हैथमना क्वेरी पाठवली :
डावं मूत्रपिंड नाही, की आढळलं नाही?
कृपया स्पष्ट करावे.
प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही, असा नियम आहे.
सुचवलं नाही.
दुपारी खाली बाप उभा होता,
पापण्यांवर पांढरी भुकटी, हातात टोकन.
बेबी का पेपर हो गया, मॅडम?
माझ्यामुळे अडलंय हे त्याला माहीत नव्हतं.
कल, म्हटलं मी.

दोन कल गेले.

मग नवा अहवाल आला.
सापडलं.
खाली, ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे,
लहानसं, वाकडं बसलेलं, पण चालू.
क्यू त्रेसष्ट पॉइंट टू.
अस्थानी मूत्रपिंड.

अस्थानी. इथे माझी बोटं थांबली.
कारण मूत्रपिंडं सगळ्यांचीच खाली घडतात,
तुमची, माझी, डॉक्टर हैथमची,
आणि जन्माच्या कितीतरी आधी
चढत चढत बरगड्यांखाली येऊन बसतात.
हे चढलं नाही एवढंच.
घडलं तिथेच राहिलं,
तिथेच कामाला लागलं.

माझा भाऊ साखरप्यात राहिला.
गिरणी चालवतो, कानाच्या पाळीवर कायम पीठ.
घरी म्हणायचे, याचं काही ठिकाणी लागत नाही,
बहीण बघ कुठे पोचली.
बहीण पोचली.
तिसरा मजला, एसीची घरघर, खिडकीत राखाडी डोंगर
ज्यावर एक झाड उगवलेलं मी पाहिलं नाही,
आणि दर दोन वर्षांनी शिक्का मारून घेतलेलं राहणं.

कोड टाकला.
विमा कंपनीनं चौथ्या दिवशी परत पाठवला :
जन्मजात, लागू नाही.
साठ टाकला असता तरी हेच आलं असतं.
शीजानं माझ्या स्क्रीनकडे पाहिलं,
आणि तिच्या डब्यातलं केळ्याचं वेफर
न बोलता माझ्या कीबोर्डवर ठेवलं.

आज फाइल पुन्हा उघडली.
सहा महिन्यांनी तपासणी, लिहिलंय.
त्यालाही कोड असतो, तो लावला.
वरच्या रकान्यात बेबी ऑफ खोडून
कुणीतरी नाव भरलंय.
रुमाना.
स्पेलिंग पासपोर्टच्या अर्जाशी
दोनदा ताडून पाहिलं मी.
हे माझं काम नाही.