दहा ते एक

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे
मी स्केचपेनने लिहिलं:
उद्या सकाळी दहा ते एक पाणी बंद राहील.
खाली नाव घातलं नाही. अक्षर ओळखतात सगळे,
वीस वर्षं शाळेत हजेरीपट लिहिलेत मी.

जिन्यात चिकटवून वळते न वळते तोच
दुसऱ्या मजल्यावरचे आवटी:
दहा म्हणजे घड्याळाचे दहा, की नदाफांचे?

रात्री सगळं भरलं.
बादल्या, कळशी, दोन्ही कुकर,
इडलीपात्राचं बूड,
ह्यांचा दाढीचा मग.
तो तर सहा वर्षांत कोणी ओला केला नव्हता.
एकट्या बाईला तीन तासांत पाणी लागतं किती?
पण भरत गेले.
खणभागात तळमजल्यावर राहून
पाण्याचा भरवसा धरवत नाही.
आलं तर जिन्याची सातवी पायरी,
नाही तर थेंब नाही.

दस्तगीर नदाफ पावणेअकराला उगवले.
मोरीच्या छताकडे नुसतं बघितलं.
तिथे ओल आहे, दोन वर्षांची.
आधी रुपयाएवढी, मग ताटाएवढी,
आता तिला काठच राहिलेले नाहीत.
वर मगदूम काकूंची मोरी.
आम्ही बोलत नाही.

कॉक गच्चीत. म्हटलं, मी पण येते.
गुडघ्यांनी तीन मजले मोजले.
टाकीच्या बुडाशी पितळी चाक, हिरवं पडलेलं.
नदाफांनी पाना लावला, परत काढला.
"लई जोर केला तर मोडंल, बाई.
उघडं ऱ्हाऊन ऱ्हाऊन
बंद हुयाची सवय गेलीया त्याची.
खोबरेल हाय का?"

काकू तिथेच कुरडया घालत होत्या.
उठल्या, घरात गेल्या,
चिकाच्या हातांनी बाटली आणून
कठड्यावर ठेवली,
माझ्या आणि नदाफांच्या बरोबर मध्ये.
कुणाला दिली ते कळू नये अशी.

तेल मुरायला दहा मिनिटं.
ती कशी काढायची?
पुरात आम्ही दोघी इथेच उभ्या होतो,
होडीवाल्याला हाका मारून घसे बसलेल्या.
तीन रात्री मी त्यांच्या हॉलमध्ये झोपले,
त्यांच्याच गाऊनमध्ये.
नदीचा मेन कॉक कुठे असेल हो, असं म्हणाल्या होत्या,
आणि आम्ही हसलो होतो,
खाली गॅसच्या टाक्या तरंगत असताना.
आज त्या कुरडया बघत होत्या, मी टाकी.

चाक किरकिरलं. हललं.
नऊ फेरे. मी मोजले.
"आता सगळ्यात खालचा नळ सोडा,
लाइन रिकामी होऊं द्या."

सगळ्यात खालचा नळ माझा.

सोडला. आधी भसाभसा,
मग गढूळ, मग तांबूस,
आवटींची राहिलेली आंघोळ,
काकूंच्या सुनेचे न धुतलेले तांदूळ,
अख्ख्या इमारतीच्या पोटात उरलेलं
माझ्या मोरीत येत राहिलं.
दोन वर्षं छतातून चोरून येणारं पाणी
आज नळातून, सांगून आलं.
मी खाली बादली सरकवली.
शेवटी नळाने हवा ओढली, गुरगुरला,
गप्प झाला.
थोड्या वेळाने वरची टपटपही थांबली.
मला वाटलं घड्याळ बंद पडलं.

दारावर कोपराची थाप.
काकू. दोन्ही हात वर धरलेले,
चीक वाळून पांढरा झालेला.
"सुनेनं काही भरलंच नाही बघा."
नोटिशीचं नाव काढलं नाही. मीही नाही.
हाताशी आला तो दाढीचा मग.
त्याच्या बारीक धारेखाली
त्यांनी एकेक बोट चोळलं,
बांगड्या मागे सारून,
सावकाश.
जाताना म्हटलं, कुकर न्या एक, भरलेला आहे.
नेला.

पाणी एकला नाही, सव्वादोनला आलं.
नळ खोकला, दोनदा थुंकला, मग वाहू लागला.
ओल अजून दिसते. नदाफ म्हणाले,
वाळायला उन्हाळा जाईल.
भरलेल्यातलं निम्मं तसंच आहे, अळवाला घालीन.
कुकर वर राहिलाय.
आणायला जायला हवं.
आज नको. आज डाळ भिजवलेली नाही.