सांगड

बाबुली मेस्ताला होडी ठाऊक होती,
गाडी नव्हे.
सदतीस साली कायतान लोबो बोटीची नोकरी सोडून
वेंगुर्ल्याला उतरला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत
कुठल्याशा मासिकाचं फाडलेलं पान होतं:
चार चाकांवर घर, खिडकीला पडदा,
पायरीवर बसून कॉफी पिणारी गोरी बाई.
बाबुलीनं ते उलटं धरून पाहिलं,
मग सुलटं.
म्हणाला, "लाकूड फणसाचा घेतंय."

मोडक्या फोर्ड लॉरीचा नुसता सांगाडा.
त्यावर त्यानं होडीचे वाक बसवले,
तांब्याचे खिळे मारले,
फटींत कापूस आणि राळ,
वरून मुशीचं तेल.
आठवडाभर गावची कुत्री
गाडीची पाठ सोडीनात.
आत दोन बाकं, स्टोव्ह, भिंतीत क्रूस,
आणि दाराशी, न विचारता ठोकलेली
एक लोखंडी कडी:
नांगराला.

पहिली रात्र म्हापणच्या माळावर.
कंदील घेऊन माणसं जमली.
एकानं टोपी काढून हळूच विचारलं,
"कोण गेलो?"
इस्पेरांसनं आतून कडी घातली,
काढली,
परत घातली.
दुरुस्तीसाठी सोबत घेतलेला बाबुली
छताकडे बघत पडून राहिला.
"हलणा नाय," एवढंच पुटपुटला,
पहाटेपर्यंत दोनदा.

दुसऱ्या दिवशी कर्लीची खाडी.
पूल कुठला तेव्हा?
दोन होड्या, आडव्या फळ्या, काथ्याचे दोर.
सांगडीवर गाडी चढली, गाडीवर घर,
आणि मध्यावर ओहोटीनं
सगळं वाळूच्या दांड्यावर आणून ठेवलं.
तांडेल म्हणाला, भरती मध्यरात्री.
बाबुली उठला. कडीला दोर बांधला,
नांगर सोडला, हात धुतले.

भरती आली. फळ्या करकरल्या,
घर उचललं गेलं, डुललं,
स्टोव्हवरचं पातेलं इकडून तिकडे सरकलं.
जाग कुणालाच आली नाही,
तांडेलालासुद्धा.
उजाडलं तेव्हा पुन्हा ओहोटी,
पुन्हा तोच दांडा,
आणि पायरीवर, पाण्यात पाय सोडून,
कॉफी पिणारी इस्पेरांस.

लढाईत पेट्रोल आटलं.
इंजिन भातगिरणीत गेलं, चाकं कुठं कळलं नाही.
वरचं घर कोर्जईला
तरीवाल्याची खोपी झालं, मग सरपण.
म्हातारपणी बाबुलीला विचारलं की सांगायचा,
"काम बरा होता.
खाली पाणी तेवढा कमी पडला."

कडी माझ्याकडे आहे.
ओली छत्री अडकवायला बरी पडते.