कोरी जागा

टेबल आधी मॅडमनी स्वतःच भिंतीला लावलं.
मी विचारलं, कागद कुठं ठेवू?
म्हणाल्या, मांडीवर.

समोर गोकुळ पागी, तळपणचा.
जेटीवरून बोटीचं इंजिन गेलेलं,
आणि संशय याच्यावर.
टाचांना अजून खाडीची रेती.
उपनिरीक्षक वेळीप इंजिनाचं नावच काढीनात.
जेवलास का, विचारलं.
मग, रविवार सांग. सकाळपासून.
काही गाळू नकोस, मला घाई नाही.

तो कोंकणीत सांगत होता,
मी इंग्रजीत उतरवत होतो,
मधल्या साकवावरून बरंच पाण्यात पडत होतं.
जाळं सांधलं. बांगडा नव्हताच.
पोरगी तापलेली, चावडीहून औषध आणलं.
मॅडम मान हलवत राहिल्या,
मध्ये एक शब्द टाकला नाही.

आता उलटं सांग, म्हणाल्या.
रात्रीकडून सकाळकडे. ओहोटी लागल्यासारखं.

तो निघाला मागं मागं
आणि साडेनऊपाशी रुतला.

मी खाकरणार होतो.
त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

अकरा मिनिटं.
भिंतीवरच्या घड्याळात मी मोजली.
माझ्या उमेदीत अकरा मिनिटांत
आम्ही तीन चोऱ्या कबूल करून घ्यायचो,
त्यातली एक तर झालेलीच नसायची.
शेळेरच्या बाबलोनं चोरलेला गोफ
पुढं फिर्यादीच्याच पेटीत सापडला.
बाबलोच्या करंगळीचं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग गोकुळ म्हणाला,
साडेनऊला भाचा आला होता.
साबण मागितला त्यानं.
थोड्या वेळानं,
दोनदा मागितला.
स्वतःचं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकू आलं,
आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

वाटलं, आता मॅडम झडप घालतील.
त्यांनी विचारलं, पोरीचा ताप उतरला?

रात्री मी जबानी वाचून दाखवली.
साडेनऊच्या खाली
मी चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या,
त्या अकरा मिनिटांसाठी,
दुसरं काय लिहिणार?
मॅडमनी पेन घेतलं
आणि तिथं तिरकी रेघ मारली.
कोरी जागा ठेवू नये, हवालदार.
नंतर कुणीही काहीही भरतं.

हो, म्हटलं.
माहीत आहे, मॅडम.
मी भरलेलं आहे.