बेचिराख

मौजा पिंपळधरी, रिठी.
शेऱ्याच्या रकान्यात तपकिरी पडलेली शाई:
बेचिराख.
खाली सही. कुणाची, ते आता सहीलाही आठवत नसेल.

"इथं काई जळालंच नाई, बाई,"
कोतवाल डोमाजी नैताम म्हणाले.
"माह्या आज्याचा आजा गाव सोडून गेला
तं बुढीनं आदी घर सारवलं,
मंग निंगाले."

तरी मी राख शोधली.
डोमाजींनी सब्बल मारली, दोन हात खोल.
काळी माती, तिच्याखाली तीच काळी माती,
अर्धी बांगडी,
खापराचा तुकडा, त्यावर कुणाचा तरी अंगठा.
राख चिमूटभर नाही.

न शोधून कसं चालेल?
ती तर शब्दातच होती, उघडी,
शेवटच्या दोन अक्षरांत.
उरलेलं 'बेचि' कशाचं,
हे मला शाळेत कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

उर्दू शाळेच्या नुसरत मॅडम
स्वतःच्या फेरफारासाठी आलेल्या,
टेबलापलीकडून त्यांनी रजिस्टर उलटं वाचलं
आणि हसल्या.
"राख कुठली हो! चिराग.
बे-चिराग.
दिवा नाही. बस, एवढंच."

म्हणजे मराठीत येता येता
वाटेत 'ग' विझला,
त्याचा 'ख' झाला,
आणि आम्ही त्या 'ख'वर
अख्खी गावं जाळत बसलो.

एवढंच?
म्हणजे कुणीतरी कारकून
तिन्हीसांजेला या टेकाडावर थांबला असेल,
साऱ्यासाठी घरं मोजायची म्हणून
दिवे मोजायला.
थांबला असेल बराच वेळ.
डास मारत.
मग लिहिलं असेल, आणि घोड्याकडे वळला असेल.

डोमाजींना सांगितलं.
ते तंबाखू मळत राहिले.
"मंग शेवटचा दिवा कोनं इझवला,
थे लिवलं हाय का त्याच्यात?"

नव्हतं लिहिलं.

पौषात उशिरा परतताना
रस्त्यावरून दिसलं,
रिठीच्या अंगाला, तुरीच्या वावरात,
मचाणावर एक बॅटरी हलत होती.
डोमाजी जागलीला, रोही हाकत:
"हुर्र, हे हुर्र",
आणि उजेड या बांधावरून त्या बांधावर.

मी गाडी बंद करून मोजलं.
एक.

शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा आहे.
त्यात लिहायला
वरून आदेश लागतो.