डिकीतला उन्हाळा

टूसॉनमध्ये जूनच्या दुपारी बंद डिकीत
थर्मामीटर ठेवून पाहिला होता मी एकदा.
एकशे अठ्ठावन्न फॅरनहाइट.
त्यात ही यंत्रं राबतात,
आणि लोक वर म्हणतात, टिकत नाहीत.

ऑक्टेव्हिओ ब्राकामोंतेनं दोन अ‍ॅम्प आणून आपटले बाकावर.
एक बापाचा, चौऱ्याण्णवचा, पाट्यासारखा जड,
पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या फण्या, एक दात तुटलेला.
दुसरा त्याचा, गेल्या नाताळातला, वहीएवढा.
"देल्फिना, यातला चांगला कुठला ते सांग."
घरात पैज लागलीय म्हणे.
रविवारच्या जेवणापासून बापलेक बोलत नाहीत.

स्क्रू काढते. आधी जुना.
हा एबी वर्गाचा. गाणं नसतानाही थोडा जागा असतो,
राखेखाली निखारा ठेवावा तसा
जरासा करंट वाहता ठेवतो,
म्हणजे पहिल्या सुराला अडखळायला नको.
त्या जागरणाची किंमत धग.
अर्धी वीज गाण्यात जाते, अर्धी फण्यांत.
तीस वर्षांत कपॅसिटर आतल्या आत पाझरलेत,
तांबं हिरवं पडलंय, वास शिळ्या माशाचा.
पण सगळं दिसतं. कुठला पाय कुठे जातो, बोट ठेवून सांगता येतं.
असा अ‍ॅम्प मरण्याआधी महिनाभर खोकतो.

नवा डी वर्गाचा.
याला मधलं काही ठाऊक नाही.
चालू, बंद, चालू, बंद, सेकंदाला लाखो वेळा,
आणि शेवटी तांब्याची एक गुंडाळी
त्या थयथयाटातून गाणं गाळून घेते.
थंड राहतो, बॅटरी कमी खातो.
हिशेबी आहे, नावं नाही ठेवणार मी त्याला.
पण गेला की ताकास तूर लागू देत नाही:
कणीएवढे भाग, चिपवरचे आकडे मुद्दाम घासलेले,
एक जळतो तो शेजारचे आठ घेऊन.

ऑक्टेव्हिओचं लक्ष नाही. त्याला निकाल हवाय.

मग मी दोन्हींचे फ्यूज उपसून ठेवते समोर.
दोन्हींवर च्युइंगमची चांदी गुंडाळलेली,
जुन्यावरची काळवंडलेली, नव्यावरची अजून चकचकीत.
"हे कुणी केलं?"
तो बुटांकडे बघतो. "बाबानं शिकवलंय."

गाडीपाशी जाते. चौऱ्याऐंशीची कटलास,
दोन्ही अ‍ॅम्प हिच्याच डिकीत जळलेले.
काळी तार जांभळ्या रंगावरच आवळलीय,
खालच्या लोखंडाला ती कधी टेकलीच नाही नीट.
हेडलाइटचा एक दिवा जोडून मीटर धरते.
बारा हवेत तिथे साडेनऊ.
"अर्थच लागला नव्हता रे इतकी वर्षं," मी म्हणते.
उपाशी यंत्र जास्त ओढतं. ओढता ओढता जळतं.
जे फ्यूजनं थांबवायचं,
त्या फ्यूजचं तोंड तुम्हीच बांधलेलं.

सँडपेपरनं नाण्याएवढी जागा घासते,
धातू उजळेपर्यंत.
पाऊण डॉलरचा बोल्ट, एक दातेरी वॉशर.

"म्हणजे पैज?" तो विचारतो.
मी हात पुसते.
दोन्ही दुरुस्त होतील. जुना स्वस्तात, नवा नशिबानं.
पण आधी बापाला घेऊन ये इथं.
ती चांदी त्यानंच काढायची, तुझ्यासमोर.

आणि सोमवारी नको येऊस.
सोमवारी मी दुकान उघडत नाही.