वीतभर

मिल्ड्रेड प्रोबर्टने फोनवर सांगितलं,
हॉलीचं कुंपण काढायचंय, मुळासकट.
म्हटलं, बाई, मी फरशा बसवणारा,
झाडं माझं खातं नव्हे.
ती म्हणाली, फरशा तुझ्याच बापाने बसवल्यात,
तेव्हा ये.

लेडबरीच्या अलीकडे, सफरचंदांच्या बागांमागे
तिचं विटांचं घर,
दारापासून फाटकापर्यंत राखाडी वाट,
आणि वाटेला लागून हॉली.
लागून म्हणजे वीतभर,
त्याहून बोटभरही जास्त नाही.
सेड्रिकने लावली तेव्हा रोपं करंगळीएवढी होती.
करंगळीएवढ्या गोष्टीला पुढे किती जागा लागेल
हे ज्याला आधीच कळतं
त्याने बाग करू नये, घोड्यांवर पैसे लावावेत.

जून महिना. सगळा गाव हिरवा,
आणि हॉली नेमकी आत्ता जुनी पानं टाकते.
पिवळी, मग करडी,
मेल्यावर जास्तच कडक.
फरशांच्या सांध्यांत ती उभी रुततात.
ब्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांवर बसून
मिल्ड्रेड तिथलं गवत उपटते, झाडते,
आणि पाठ फिरवली की मागे
टिक्.
ऐकून ऐकून वीट आला, म्हणाली.

खरं कारण टॅम्सिन.
नातीची मुलगी, तीन वर्षांची,
बूट म्हटलं की आकाशपाताळ एक करणारी.
गेल्या रविवारी अनवाणी धावत आली,
चौथ्या फरशीवर थांबली.
रडली नाही. नुसतं कुंपणाकडे पाहिलं,
ओळखीच्या माणसाने थोबाडीत मारल्यासारखं.

मी गाडीतून करवत काढली.
मिल्ड्रेड बुंध्याला हात लावून उभी,
आणि मी न विचारलेलं सांगायला लागली:
तेवीस रोपं आणली होती त्याने.
सहा वर्षं एका फांदीला लाल दाणा नाही.
सगळी ‘सिल्व्हर क्वीन’.
नाव राणीचं, झाड नर!
नर्सरीवाल्याशी भांडायला गेला
आणि चोविसावं रोप घेऊन आला, मादी.
त्या एका झाडावर दर हिवाळ्यात
एक थ्रश पक्षी ठाण मांडतो, दुसऱ्या चोचीला फिरकू देत नाही,
जणू सातबारा त्याच्याच नावावर.
शेवटच्या डिसेंबरात सेड्रिकने अंथरुणातून विचारलं होतं,
भाडं दिलं का गं त्याने?

मी वर पाहिलं.
हात पोचेल तिथपर्यंत पानापानाला दात,
त्याच्या वर, जिथे ओरबाडायला कुणी येत नाही,
पानं साधी, गुळगुळीत.
खाली पाहिलं.
तीस वर्षांत एकही फरशी डळमळलेली नाही.
मग मोजल्या.
वाट चार फरशांची असते, आमच्याकडे तरी.
इथे पाच.
आणि मला माझा बाप आठवला,
उरलेला माल परत न्यायला कंटाळणारा:
एक ओळ जास्त बसते, बसवून टाकू, फुकट.

करवत ठेवली, पहार घेतली.
एकोणीस फरशा उचलल्या,
प्रत्येकीच्या पाठीवर सिमेंटचे पाच गोळे,
एकावर त्याच्या अंगठ्याचा ठसा.
ती फरशी मी गाडीत टाकली. विचारलं नाही.
खाली माती काळी, दमट, इतक्या वर्षांनी
उजेड बघून गांडुळं ओशाळलेली.
तिथे आता नेचे लावायचे.
पान पडेल ते नेच्यांत पडेल,
आवाज न करता कुजेल.

मिल्ड्रेडने पैसे मोजले, दोनदा.
झाड तोडणं स्वस्त पडलं असतं, म्हणाली.
पडलं असतं, मी म्हटलं.
फाटकापाशी वारा आला,
एक पान नेचे व्हायच्या त्या जागेवरून
उडी मारून थेट वाटेवर.
टिक्.
तिने वाकून उचललं, खिशात ठेवलं.
बूट मात्र, म्हणाली, घालायला लावीन तिला.